शाळेचे प्रवेशद्वार : वास्तू, प्रवेश आणि स्मृती
(विशेष संदर्भ : साताऱ्याचा जुना राजवाडा व माळशिरस तालुका)

सारांश

महाराष्ट्रातील शाळांच्या मुख्य प्रवेशद्वारांकडे आजवर शोभेची वस्तू किंवा वारसा म्हणून पाहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात या दृष्टीची चिकित्सा केली आहे. आपल्याकडील शाळांनी स्वतःचे दार क्वचितच घडविले. त्यांनी ते वाड्याकडून, देवळाकडून, चावडीकडून आणि अलीकडे कारखान्याकडून उसने घेतले. उसन्या दाराबरोबर त्याचे मूळचे नियमही शाळेत आले. त्यामुळे प्रवेशद्वाराचा इतिहास लिहिताना लाकूडकाम, लोखंडकाम व कमानीचे वर्णन पुरेसे नाही. ते दार कोणासाठी, कोणत्या अटीवर आणि कोणत्या बाजूने उघडत होते, याचीही नोंद करणे आवश्यक ठरते. साताऱ्याच्या जुन्या राजवाड्यातील हायस्कूल हे मुख्य उदाहरण घेऊन माळशिरस तालुक्याच्या संदर्भात हे विवेचन केले आहे.

बीजशब्द : प्रवेशद्वार, उंबरठा, जुना राजवाडा, शालेय प्रवेश, स्मरणिका, निर्लेखन, माळशिरस.

प्रास्ताविक

शाळांच्या इतिहासाचे लेखन मराठीत विपुल झाले आहे. रौप्यमहोत्सव, सुवर्णमहोत्सव, अमृतमहोत्सव व शताब्दी यांच्या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिका हा या लेखनाचा सर्वांत मोठा साठा होय. या स्मरणिकांचा साचा ठरलेला असतो. प्रारंभी संस्थापकांचे चरित्र, मग मुख्याध्यापकांची कालानुक्रमे यादी, निकालांची टक्केवारी, देणगीदारांची नावे, माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी आणि शेवटी इमारतीची छायाचित्रे. या छायाचित्रांत प्रवेशद्वार हमखास असते. परंतु त्यासंबंधीचा मजकूर पाहिल्यास बहुधा दोनच गोष्टी आढळतात. कमान कोणी बांधून दिली ही एक, आणि तिचे उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले ही दुसरी.

वास्तुवारशाचा अभ्यास करणाऱ्यांची दृष्टी याहून वेगळी असली तरी तिलाही मर्यादा आहेत. तिला सागवानी झडपा, गणेशपट्टी, कोरीव चौकट, पितळी कड्या यांचे महत्त्व वाटते. दार जितके जुने आणि नक्षीदार तितके ते जतनयोग्य, असा तिचा सर्वसाधारण निकष दिसतो. स्मरणिकेची दृष्टी आणि वारशाची दृष्टी या दोहोंतून एक प्रश्न निसटतो, तो म्हणजे दाराच्या उपयोगाचा. दार ही उघडण्याची व बंद करण्याची योजना आहे. तिचा इतिहास म्हणजे ती कोणासाठी उघडली व कोणासाठी बंद राहिली याचा इतिहास होय. हाच प्रश्न प्रस्तुत विवेचनाच्या केंद्रस्थानी आहे.

माळशिरस तालुक्याच्या दृष्टीने या प्रश्नाचा आरंभ साताऱ्यापासून करणे सयुक्तिक ठरते. आज सोलापूर जिल्ह्यात असलेला हा तालुका 1875 पर्यंत सातारा जिल्ह्यात होता. त्यापूर्वी, 1848 मध्ये सातारचे राज्य खालसा होईपर्यंत, हा मुलूख सातारकर छत्रपतींच्या राज्यात मोडत असे. म्हणजे या भागाची राजधानी सातारा होती आणि राजधानीतील राजवाड्याचे दार हे येथील रयतेच्या दृष्टीने सत्तेचे दार होते. पुढे त्याच राजवाड्यात शाळा भरू लागली.

वाड्याचे दार : रचना आणि हेतू

मराठेशाहीतील वाड्याचे मुख्य दार संरक्षणासाठी घडविलेले असे. जाड सागवानी फळ्यांच्या दोन झडपा, त्यांना मागून आडव्या पट्ट्या, बाहेरच्या अंगाला लोखंडी खिळे अथवा फुल्या, आणि आतून भिंतीतील खोबणीत सरकणारा लाकडी अडसर, अशी त्याची सर्वसामान्य रचना होती. झडपा आतील बाजूस उघडत. आतून अडसर घातला म्हणजे बाहेरचा दाब दारावर आणि अडसरावर येई व दोन्ही बाजूंच्या भिंती तो पेलीत. दोन्ही झडपा रोज उघडल्या जात नसत. एका झडपेत लहान दिंडी दरवाजा असे. नित्याची ये-जा त्यातून होई. दिंडी ठेंगणी व तिचा उंबरठा उंच असल्याने आत येणाऱ्यास वाकून आणि पाय उचलून, एका वेळी एकट्यानेच यावे लागे. दारालगतच्या देवड्यांत पहारेकरी बसत. आलेल्या माणसाची चौकशी तेथे होई आणि मगच तो चौकात जाई.

या रचनेत तीन गृहीते अनुस्यूत आहेत. पहिले असे की, बाहेरचा माणूस हा संभाव्य धोका आहे. दुसरे, प्रवेश हा हक्क नसून परवानगी आहे. तिसरे, प्रवेशाचे प्रकार माणसाच्या प्रतिष्ठेनुसार वेगळे असतात. मानकऱ्यासाठी दोन्ही झडपा उघडतात, इतरांसाठी केवळ दिंडी. वाड्याच्या बाबतीत ही गृहीते तर्कसंगत होती. तीच वास्तू शाळा झाल्यावर मात्र ही गृहीते आपोआप नाहीशी होत नाहीत. झडपा, उंबरठा आणि देवडी जागच्या जागीच असतात. बदलतो तो केवळ दारावरचा फलक.

राजवाड्यातून हायस्कूलकडे

साताऱ्याचा जुना राजवाडा छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी 1824 च्या सुमारास बांधला. इंग्रजांच्या वर्चस्वाखाली राज्य करावे लागलेल्या या राजाला विद्येची आस्था होती. राजघराण्यातील मुलींच्या शिक्षणाची सोय त्यांनी या वाड्यात केली होती, अशी परंपरा सांगितली जाते. 1839 मध्ये इंग्रजांनी त्यांना पदच्युत करून काशीस धाडले आणि 1847 मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. 1851 मध्ये सुरू झालेली साताऱ्याची सरकारी शाळा पुढे या वाड्यात भरू लागली आणि कालांतराने तिला छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल असे नाव मिळाले. बांधणारा राजा परागंदा झाला, राज्य गेले, आणि त्याच्या वाड्यात सामान्यांच्या मुलांची शाळा आली, ही घटना प्रतीकात्मक वाटावी अशी आहे. तथापि तेवढ्यावर थांबल्यास इतिहासाचा अर्धाच भाग हाती लागतो.

7 नोव्हेंबर 1900 रोजी या शाळेत इंग्रजी पहिलीच्या वर्गात भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. शाळेच्या दाखलपुस्तकात त्याचा क्रमांक 1914 आहे. 1904 पर्यंत तो येथे शिकला. पुढे भारताच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर ते हेच. महाराष्ट्र शासनाने 2017 पासून 7 नोव्हेंबर हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करण्याचे ठरविले. एका मुलाचे शाळेच्या दारातून आत जाणे ही राज्याने स्मरण करण्याजोगी घटना मानली गेली, हे शैक्षणिक इतिहासाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे.

परंतु आत गेल्यावर काय झाले, हे खुद्द डॉ. आंबेडकरांनी नोंदवून ठेवले आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात त्यांनी बालपणीच्या शाळेतील वागणुकीचे वर्णन केले आहे. वर्गात इतर मुलांमध्ये त्यांना बसता येत नसे. कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसण्यासाठी गोणपाटाचा तुकडा घरून आणावा लागे व संध्याकाळी परत न्यावा लागे, कारण शाळेची झाडलोट करणारा नोकरही त्याला हात लावत नसे. तहान लागली तर नळाची तोटी स्वतः सोडण्याची मुभा नव्हती. शिपायाने ती सोडली तरच पाणी मिळे.

या साक्षीचा अर्थ प्रवेशद्वाराच्या संदर्भात लावला पाहिजे. सरकारी नियमाने बाहेरचे दार उघडले होते, पण दाराचे काम वर्गाच्या आत सरकले होते. कोपरा, गोणपाट आणि नळाची तोटी ही तीनही त्या मुलापुरती दारेच होती. देवडीतील पहारेकऱ्याची जागा शिपायाने घेतली होती. वाड्याच्या दाराचे दुसरे गृहीत, म्हणजे प्रवेश ही परवानगी आहे हे, दाखलपुस्तकात नाव चढल्यानंतरही शाबूत राहिले. म्हणून या शाळेच्या प्रवेशद्वाराचे मोठेपण सांगताना केवळ ‘याच दारातून बाबासाहेब आत आले’ असे म्हणणे पुरेसे नाही. ते कसे आत आले आणि आत त्यांच्यासाठी आणखी किती दारे होती, हेही त्याच वाक्यात सांगितले गेले पाहिजे.

पुण्यातील विश्रामबागवाड्याचा इतिहास याला पूरक ठरतो. दुसऱ्या बाजीरावाने 1807 च्या सुमारास बांधलेल्या या वाड्याची कोरीव लाकडी दर्शनी बाजू आजही वाखाणली जाते. पेशवाई संपल्यावर 1821 मध्ये कंपनी सरकारने तेथे संस्कृत पाठशाळा सुरू केली. पेशव्यांच्या काळातील दक्षिणेच्या निधीतून चालणारी ही पाठशाळा प्रारंभी ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरती मर्यादित होती. वाडा सरकारी झाला, तरी दाराची रीत पेशवाईचीच राहिली. पुढे 16 नोव्हेंबर 1852 रोजी याच वाड्यात मुलींसाठी व अस्पृश्यांसाठी शाळा काढणाऱ्या जोतीराव फुले यांचा सरकारतर्फे मेजर कँडी यांच्या हस्ते शाल देऊन सत्कार झाला. सुमारे तीन दशकांच्या अंतराने एकाच दाराने दोन भिन्न अर्थ धारण केले. विश्रामबागवाड्याचे सौंदर्य सांगणाऱ्या वर्णनांत पहिली गोष्ट असते ती कोरीव खांबांची. वरील दोन घटना मात्र त्या वर्णनांच्या कडेलाच राहतात.

देवळाचे आणि चावडीचे दार

शहरांत शाळांना वाडे मिळाले. खेड्यांत शाळा देवळाच्या सभामंडपात, धर्मशाळेत, चावडीत किंवा एखाद्याच्या ओसरीवर भरत. येथेही दार उसनेच होते. देवळात भरणाऱ्या शाळेचा प्रश्न अधिक बिकट होता. ज्यांना देवळाची पायरी चढण्यास मज्जाव होता, त्यांच्या मुलांना त्या देवळातील शाळेतही मज्जाव होणे अपरिहार्य होते. शाळेने वेगळा नियम करण्याची गरजच नव्हती. देवळाच्या उंबरठ्याचा नियम तिला आयता मिळाला होता.

सरकारी धोरण आणि प्रत्यक्ष प्रवेश यांतील अंतर धारवाडच्या प्रकरणात स्पष्ट दिसते. 1856 मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. न्याय त्याच्या बाजूने आहे हे मान्य करूनही मुंबई सरकारने, एका मुलासाठी इतरांनी शाळा सोडली तर शाळाच निरुपयोगी होईल, अशा आशयाचे कारण देऊन प्रवेश नाकारला. 1858 मध्ये कंपनीच्या संचालक मंडळाने सरकारी शाळा सर्व वर्गांच्या प्रजेसाठी खुल्या असल्याचे तत्त्व स्पष्ट केले. 1882 च्या हंटर आयोगानेही तत्त्व मान्य केले. पण जेथे विरोध होईल तेथे वेगळ्या शाळांची वाट दाखविली. म्हणजे एका दाराचा प्रश्न दोन दारे करून सोडविण्यात आला.

याच काळात मुंबई इलाख्यात जमीन महसुलावर रुपयामागे एक आणा लोकल फंड कर बसविण्यात आला आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी राखला गेला. हा कर शेतकरी देत असे. माळशिरससारख्या कोरडवाहू व अवर्षणप्रवण मुलखातील रयतही त्यातून सुटलेली नव्हती. शेतकऱ्यांच्या पैशांतून उच्चवर्णीयांचे शिक्षण होते, ही महात्मा फुले यांची हंटर आयोगापुढील तक्रार प्रसिद्ध आहे. ती दाराच्या भाषेत मांडावयाची तर, चौकटीचे लाकूड ज्याच्या पैशांतून आले त्यालाच त्या चौकटीतून आत जाता येत नव्हते.

हा प्रश्न पुढे तीन टप्प्यांनी सोडविण्याचा प्रयत्न झाला. 1919 मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातील अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचा हुकूम काढला. दोन दारे पुन्हा एक करण्याचा हा निर्णय होता. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदे मंडळाने सी. के. बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये व दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचे ठरविले. आणि 1950 पासून अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट करून हा प्रश्न कायद्याच्या पातळीवर निकालात काढला.

माळशिरस तालुक्याच्या सांस्कृतिक भूगोलात दाराचा हा अर्थ नवखा नाही. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुते, माळशिरस व वेळापूर येथे मुक्काम करीत पंढरपूरकडे जाते; तुकाराम महाराजांची पालखी सराटी येथे नीरास्नान करून अकलूजमार्गे जाते. ज्या मंदिराकडे हा प्रवाह जातो, त्याच्या महाद्वाराबाहेर संत चोखामेळ्यांची समाधी आहे. आत जाऊ न शकलेल्या भक्ताचे स्मारक दारातच असणे ही भारतीय द्वारपरंपरेवरील सर्वांत कठोर टीका म्हणावी लागेल. 1947 च्या मे महिन्यात हे मंदिर सर्वांसाठी खुले व्हावे म्हणून पंढरपुरात उपोषण करणारे साने गुरुजी पूर्वाश्रमी अमळनेरच्या शाळेतील शिक्षक होते. देवळाचे दार आणि शाळेचे दार हे दोन प्रश्न नसून एकच आहे, हे एका शिक्षकाने कृतीने दाखवून दिले.

उघडे दार आणि न येणारी मुले

दार उघडे असणे आणि मुले आत येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. माणदेशाच्या साहित्याने हा भेद चांगला टिपला आहे. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’ (1955) या कादंबरीत औंध संस्थानातील एका धनगरवाडीवर एकशिक्षकी शाळेचा तरुण मास्तर येतो. तेथे शाळेच्या दारावर पहारा नाही, जातीचा मज्जाव हा कथेचा विषय नाही. तरी मुले शाळेत कशी आणावयाची हाच त्याच्यापुढचा पहिला प्रश्न असतो. मेंढरांमागे जाणारे मूल शाळेच्या दारापाशी पोहोचतच नाही. म्हणून मास्तरालाच शाळेचे दार ओलांडून वाडीवर जावे लागते. शाळेच्या दारातून बाहेर जाणारा शिक्षक हा प्रवेशद्वाराच्या इतिहासातील दुर्लक्षित पण महत्त्वाचा अध्याय होय.

आजच्या माळशिरस तालुक्यात हा प्रश्न वेगळ्या रूपात आहे. नीरेच्या पाण्यावर उसाखाली आलेल्या या तालुक्यात माळीनगर, अकलूज व सदाशिवनगर येथे साखर कारखाने उभे राहिले. गळीत हंगामात ऊसतोड मजुरांची कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात पाले ठोकून राहतात. त्यांच्या मुलांची गावची शाळा मागे राहते आणि कामाच्या ठिकाणची शाळा अनोळखी असते. साखरशाळा, हंगामी वसतिगृहे असे उपाय राज्यात वेळोवेळी झाले. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या 2009 च्या कायद्याने वयाचा पुरावा नाही किंवा पूर्वीच्या शाळेचा दाखला येण्यास विलंब झाला, या कारणांवरून प्रवेश नाकारण्यास मनाई केली. 1 एप्रिल 2010 पासून तो अमलात आहे. तरीही परगावच्या मजुराच्या मुलाला शाळेच्या फाटकापाशी प्रथम प्रश्न विचारला जातो तो दाखल्याचा. देवडी नाहीशी झाली. चौकशी मात्र उरली.

फाटक आणि कमान

स्वातंत्र्योत्तर काळात, विशेषतः 1962 मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यानंतर आणि सहकाराच्या बळावर शिक्षणसंस्था वाढल्यानंतर, ग्रामीण महाराष्ट्रात शाळांच्या स्वतंत्र इमारती मोठ्या संख्येने झाल्या. आता तरी शाळेला स्वतःचे दार घडविण्याची संधी होती. प्रत्यक्षात दिसतात ते दोन नमुने. एक, सरकते किंवा दोन पाखांचे लोखंडी फाटक, जे कारखान्याच्या वा गोदामाच्या फाटकासारखे असते. दुसरी, काँक्रीटची भव्य कमान, जिचा आदर्श देवस्थानाच्या वा नगराच्या वेशीचा आहे. कमानीवर संस्थेचे नाव मोठ्या अक्षरांत, देणगीदाराचे त्याखाली, आणि शाळेचे नाव पुष्कळदा त्याहून लहान अक्षरांत असते. अक्षरांच्या या उतरंडीतून शाळा कोणाची आहे, याचे उत्तर वाचता येते.

फाटकाचे समर्थन सुरक्षिततेच्या कारणाने केले जाते आणि ते निराधार नाही. मुलांचे रक्षण करणे हे शाळेचे कर्तव्य आहे. वर उल्लेखिलेल्या 2009 च्या कायद्याच्या अनुसूचीतही कुंपणाची अट आहे. परंतु सुरक्षिततेचा विचार बाहेरून येणाऱ्या धोक्यापुरता मर्यादित राहिला तर तो वाड्याच्या दाराचाच विचार ठरतो. शाळेच्या बाबतीत मोठा धोका आतूनही उद्भवतो आणि त्या वेळी दाराचे काम मुलांना बाहेर काढणे हे असते. 4 मार्च 1908 रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातील कॉलिनवूड येथील शाळेला लागलेल्या आगीत 172 मुले दगावली. दारे आतील बाजूस उघडत असल्याने मुले अडकली, असे तेव्हा सर्वत्र सांगितले गेले. चौकशीत आढळले ते वेगळेच. दारे बाहेरच उघडत होती, परंतु त्यांच्या आतील बाजूची वाट अरुंद असल्याने तेथे मुलांची कोंडी झाली. 16 जुलै 2004 रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथील शाळेच्या आगीत 94 मुलांचा मृत्यू झाला. तेथेही बाहेर पडण्याची अपुरी वाट हा कळीचा मुद्दा ठरला. या दुर्घटनेच्या पार्श्वभूमीवर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला आणि शाळांच्या सुरक्षिततेसंबंधी निर्देश दिले. बाहेर पडण्याच्या मार्गावरील दारे बाहेरच्या दिशेने उघडावीत, असे राष्ट्रीय इमारत संहिताही सांगते.

वाड्याचे दार आतल्या दिशेने उघडते, शाळेचे दार बाहेरच्या दिशेने उघडले पाहिजे. या एका तांत्रिक भेदात दोन्ही वास्तूंच्या हेतूंमधला फरक सामावला आहे. उंबरठ्याचेही तसेच. परंपरेने उंबरठ्याला मान आहे, त्याची पूजा होते, त्यावर पाय ठेवू नये असा संकेत आहे. पण चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्या मुलासाठी तोच उंबरठा भिंत ठरतो. 2009 च्या कायद्याने अडथळाविरहित प्रवेश ही शाळेच्या इमारतीची अट केली आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ती अधिक दृढ केली. प्रत्यक्षात या अटीची पूर्तता म्हणून पुष्कळदा इमारतीच्या मागच्या वा बाजूच्या अंगाला एक उतार बांधला जातो आणि मुख्य दाराच्या पायऱ्या तशाच राहतात. एकाच प्रश्नावर दोन दारांचा तोडगा हा हंटर आयोगाच्या काळचा आहे. तो नव्या रूपात पुन्हा स्वीकारला जात असल्याचे भान शाळांनी ठेवणे गरजेचे आहे.

अकलूजचे प्रांगण

या सर्व विवेचनात एक वेगळे उदाहरण माळशिरस तालुक्यातच मिळते. आषाढी वारीत तुकाराम महाराजांच्या पालखीचे गोल रिंगण अकलूजच्या सदाशिवराव माने विद्यालयाच्या प्रांगणात होते. त्या दिवशी शाळेच्या आवारात अश्व धावतात, पताकाधारी व तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया धावतात, टाळकरी व विणेकरी फेर धरतात. येणाऱ्यास त्याचे गाव, जात वा दाखला कोणी विचारीत नाही. वारीच्या वाटेवरील अनेक शाळाही या काळात वारकऱ्यांच्या निवाऱ्यासाठी उघडल्या जातात.

या घटनेचे भाबडे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. वारीतही दिंड्यांचे क्रम, मान आणि जातींचे इतिहास आहेतच. तरीही शाळेच्या दाराचा विचार करताना हे दृश्य उपयोगी पडते. एरवी शाळा दुसऱ्या वास्तूचे दार उसने घेते. येथे एका धार्मिक लोकप्रवाहाने शाळेचे दार उसने घेतले आहे. आणि त्या एका दिवसापुरते ते दार, विनाअट उघडे राहू शकते हे सिद्ध करते. पालखी पुढे माळीनगरच्या उभ्या रिंगणाकडे जाते आणि शाळा पूर्ववत सुरू होते. रिंगणाच्या दिवशी जे शक्य होते ते ऊसतोड मजुराच्या मुलाच्या बाबतीत गळीत हंगामात का शक्य होऊ नये, हा प्रश्न त्यानंतर उरतो.

नोंदीचा अभाव आणि त्याचे परिणाम

प्रवेशद्वाराच्या इतिहासाकडे दुर्लक्ष केल्याने काय गमावले जाते, याचे ठळक उदाहरण पुण्याच्या भिडे वाड्याचे आहे. 1848 मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा ज्या वाड्यात सुरू केली, तो बुधवार पेठेतील वाडा दीर्घकाळ न्यायालयीन वादात व दुरवस्थेत राहिला. न्यायालयांच्या निर्णयानंतर डिसेंबर 2023 मध्ये स्मारकासाठी जागा मोकळी करताना मोडकळीस आलेली इमारत पाडण्यात आली. स्मारक होणे इष्टच आहे. परंतु ज्या दारातून मुली प्रथम शाळेत गेल्या ते दार कसे होते, याचे उत्तर यापुढे मूळ वास्तूत शोधता येणार नाही.

भिडे वाडा निदान चर्चेत राहिला. खेड्यांतील जुन्या शाळांच्या वाट्याला तेही येत नाही. धोकादायक ठरलेल्या वर्गखोल्यांचे जिल्हा परिषदेकडून रीतसर निर्लेखन होते. निर्लेखन म्हणजे मालमत्तेच्या नोंदवहीतून नाव कमी करणे. त्यानंतर खोली पाडली जाते व सामानाची विल्हेवाट लावली जाते. मुलांच्या जिवाच्या दृष्टीने हे आवश्यकच आहे आणि त्यास विरोध करण्याचे कारण नाही. मात्र या प्रक्रियेत लाकडाची किंमत ठरते, दाराची नोंद होत नाही. नोंदवहीतून खोली कमी होते, त्याबरोबर त्या दारातून कोण आत आले आणि कोण बाहेर उभे राहिले, हेही कमी होते.

या बाबतीत स्थानिक महाविद्यालये निश्चित काम करू शकतात. इतिहास, मराठी, समाजशास्त्र व भूगोल या विषयांच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने तालुक्यातील जुन्या शाळांच्या प्रवेशद्वारांची नोंद करणे हा अल्पखर्चाचा आणि सर्वांच्या आवाक्यातील प्रकल्प आहे. या नोंदीत पुढील बाबी असाव्यात : दाराचे साहित्य, माप, उघडण्याची दिशा व उंबरठ्याची उंची, दार मूळ इमारतीचे की अन्य वास्तूतून आणलेले, त्यावरील अक्षरे, शाळा पूर्वी कोठे भरत असे आणि तेथे कोणास मज्जाव होता, दाखलपुस्तकात मुलींची, पूर्वास्पृश्य, भटक्या-विमुक्त व स्थलांतरित कुटुंबांतील मुलांची पहिली नावे कोणत्या वर्षी आढळतात, आणि ज्यांना दाराबाहेर राहावे लागले त्यांच्या वयोवृद्ध पिढीच्या आठवणी. शेवटच्या दोन बाबींशिवाय पहिल्या बाबींना अर्थ नाही. दाखलपुस्तक आणि दार ही दोन साधने एकत्र वाचली तरच शाळेचा इतिहास पूर्ण होतो. साताऱ्याच्या राजवाड्यातील शाळेचे महत्त्व आपल्याला कळते ते तिच्या दाखलपुस्तकातील क्रमांक 1914 मुळे.

समारोप

शाळेच्या प्रवेशद्वाराचा इतिहास हा उसनवारीचा इतिहास आहे. वाड्याकडून शाळेने पहारा घेतला, देवळाकडून मज्जाव घेतला, कारखान्याकडून फाटक घेतले. 1858 चे धोरण, 1919 चा हुकूम, 1923 चा ठराव, राज्यघटना आणि 2009 चा कायदा हे या उसनवारीतून शाळेला मुक्त करण्याचे क्रमागत प्रयत्न होत. त्यांतील प्रत्येकाने एक अडसर काढला. परंतु बाहेरच्या दाराचा अडसर निघाला की तो वर्गाच्या कोपऱ्यात, नळाच्या तोटीपाशी किंवा दाखल्याच्या कागदात पुन्हा बसविला जातो, हेही या इतिहासाने दाखविले आहे.

म्हणून कमानीचे उद्घाटन हा शाळेच्या इतिहासातील महत्त्वाचा दिवस मानावयाचा असेल, तर त्याच्या शेजारी दुसरीही एक तारीख लिहिली पाहिजे : आजवर दाराबाहेर राहिलेल्या समाजातील पहिले मूल त्या कमानीखालून आत येऊन इतर मुलांच्या शेजारी बसले, ती तारीख. ज्या शाळेस ही तारीख सांगता येईल, तिच्या प्रवेशद्वाराचा इतिहास लिहिण्याजोगा आहे. जिला ती सांगता येत नाही, तिने प्रथम आपले दाखलपुस्तक उघडावे.